पास वसूल झाला

"मेधा, भाषण नको. पास की तिकिटं, एवढंच सांग," भालेराव काका म्हणाले. अंगातला कोट काढायच्या आधीच त्यांनी माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला होता. शेजारी रजनीकाकू हातमोजे काढत शांत बसल्या होत्या.

इथे कॅनडात, कनाटा नावाच्या उपनगरात मी ट्रॅव्हल एजंटचं काम करते. काका टेलिकॉममधून रिटायर झालेले इंजिनिअर, मूळचे नागपूरचे. अशा माणसांना उत्तर आधीच ठाऊक असतं, आपण फक्त मान डोलवायची असते. तरीही मी भाषण दिलंच.

युरोपात रेल्वेने फिरायचं तर दोन रस्ते. सुटी तिकिटं खूप आधी काढली तर स्वस्त पडतात, पण अशी स्वस्त तिकिटं बहुतेक ठरलेल्या गाडीलाच चालतात. गाडी चुकली की तिकीट गेलं. पास महाग, पण हवं तेव्हा चढा, हवं तिथे उतरा. काही वेगवान गाड्यांना पास असूनही सीटचं वेगळं रिझर्वेशन लागतं, ते सोडा. पासातही दोन जाती. एक सलग रोज चालणारा, दुसरा आपण निवडू तेवढेच दिवस चालणारा.

"काकू, तुम्हाला काय बघायचंय?" मी विचारलं.

"एक तळं," काकू म्हणाल्या. "मागे डोंगर असलेलं. काठावर बसायला एक बाक. रंग घेऊन बसेन, मन भरेपर्यंत. बाकी ह्यांना हवं ते."

काकूंच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. समोरच्याचा चेहरा पुसट, कडेचं तेवढं जरा नीट दिसायचं. जे बघायचं ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही ट्रिप त्यासाठीच होती. म्हणून मी निवडक दिवसांचा पास सुचवला. तळं आवडलं तर तिथेच चार दिवस राहा, पासाचे दिवस उगाच खर्ची पडणार नाहीत.

काकांनी लॅपटॉपवर आकडे टाकले. "सलगवाला दिवसाला स्वस्त पडतोय. ब्रेक-ईव्हन लगेच होतं."

"पण काका, रोज कुठे फिरणार?"

"पास असला की फिरू ना!"

काकू हसल्या. "बुफेला नेलं की असंच करतात हे. पोट भरलं तरी उठत नाहीत." आम्ही तिघंही हसलो आणि मी सलग पास बुक केला. त्या हसण्यातच मला कळायला हवं होतं. आपल्या माणसाच्या हातात 'अनलिमिटेड' पडलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. मीही त्यातलीच, ग्रोसरीतल्या फुकट सँपलसमोरून दोनदा जाणारी.

ते परत आले तेव्हा इथे पहिला बर्फ पडून गेला होता. काका दारातूनच म्हणाले, "मेधा, पास वसूल! थ्री टाइम्स ओव्हर! एक दिवस वाया घालवला नाही. सकाळचा नाश्ता एका देशात, जेवण दुसऱ्या देशात."

"आणि तळं?"

"एक काय, कितीतरी! ब्रिएन्झचं तर दोनदा केलं, जाताना आणि येताना. गाडी काठाकाठानेच जाते."

"उतरलात कुठे?"

"कशाला? खिडकीतून सगळं दिसतं. विंडो सीट प्रत्येक वेळी हिलाच दिली मी."

हे ते अभिमानाने सांगत होते आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. मग ते गाडीच्या काचांवरचा बर्फ काढायला बाहेर गेले. काकू खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाल्या, "धावत्या गाडीतून मला काही दिसत नाही गं. नजर कडेने लावून एका जागी स्थिर ठेवावी लागते, तेव्हा कुठे काही उमटतं. तोवर गाडी पुढे गेलेली. निळं काहीतरी गेलं, हिरवं काहीतरी गेलं."

"मग काकांना सांगायचं ना!"

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण ते 'दिसलं का, दिसलं का' म्हणून इतके आनंदाने विचारत होते. उत्साहावर विरजण कशाला घालायचं? मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर मग रोजच म्हणावं लागलं."

रंग त्यांनी एकदाही काढले नव्हते. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. काकांचा, काकूंचा आणि त्याहून जास्त माझा. सुटी तिकिटं दिली असती तर हा माणूस निदान दोन गाड्यांच्या मधे एखाद्या गावात अडकून पडला असता.

हिवाळा सरता सरता दोघं पुन्हा आले. काकांनी काकूंना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. डोळ्यांची नवी तपासणी चांगली आली नव्हती. तपासणीहून घरी परतल्यावर काकूंनी त्यांना खिडकीचं सगळं सांगून टाकलं होतं.

"मेधा, ह्या वेळी फक्त तिकिटं," काका म्हणाले. आवाज पार उतरला होता. "जायचं आणि यायचं. मधे दोन आठवडे तळ्याकाठी एकच घर. पासाचं नाव काढू नकोस."

मी घाईघाईने उन्हाळ्यातल्या तारखा शोधायला लागले. तेवढ्यात काकूंनी काकांच्या बाहीला हात लावला. "अहो, राहू दे. आता बाकावर बसले काय आणि गाडीत बसले काय, मला सारखंच."

काका उठले, काकूंच्या कोटाची झिप त्यांनी स्वतः लावली आणि काहीही बुक न करता दोघं निघून गेले.

आता कोणी पास मागायला आलं की मी आधी विचारते, "पास खिशात असताना एक अख्खा दिवस गाडीत न बसता काढवेल का?" जो चाचरतो त्याला मी सुटी तिकिटं काढून देते, तीही मोजकीच. हिशेबात त्याचं थोडं नुकसान होतं. होऊ दे.