कोरडा ड्रम

लिहिण्याची सवय नसलेल्या माणसानं या वयात कागद पुढ्यात घ्यावा, हे माझं मलाच थोडं निर्लज्जपणाचं वाटतं. माझं मराठी घरातलं, बंगळूरच्या पेठेतलं. शाळा कानडी, कॉलेज इंग्रजी. कुठे शब्द चुकला तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. दुसरी एक क्षमाही आधीच मागून ठेवतो. इथे मी काही माणसांविषयी वाईट बोलणार आहे आणि त्यांतली बहुतेक आता नाहीत. ती असती तरी मी हेच लिहिलं असतं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर लिहिलं नसतं.

आमचं घर शिंप्याचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णा पेठेत एका कापडदुकानाच्या कट्ट्यावर मशीन टाकून बसत आणि शाळा सुटली की मी त्यांच्या बाजूला बसून शर्टांची काजं करीत असे. मॅट्रिक होऊन कॉलेजात गेलेला घराण्यातला मी पहिला. तिथे केमिस्ट्रीत आपटलो. तेव्हा एका मास्तरांनी सांगितलं, दंडूकडच्या, म्हणजे कँटोन्मेंटातल्या, मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटर असिस्टंटचा दीड वर्षाचा वर्ग निघाला आहे, सर्टिफिकेट मिळालं की नोकरी ठरलेली. मी अर्ज केला. घरात एवढंच ठरलं की हे जमलं तर जमलं, नाहीतर मी कायमचा काजांवर.

मामा ऐकून हसला. म्हणाला, "वा! कापडं शिवायची सोडून आता माणसं शिवणार म्हण की!" मी माणसं शिवणार नव्हतो, शिवणाऱ्याच्या हातात सुई देणार होतो. हे मी त्याला दोनदा समजावलं. तो दोन्ही वेळा तितकाच हसला. शेजारच्या अक्कांनी तर आईला सांगून टाकलं की, रोज रक्ताला हात लावून येणाऱ्याला आधी न्हाणीघर दाखव, मग चूल. ही आमची माणसं. यांच्यात परत जायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं. इस्पितळात यांच्याहून मोठ्या बुद्धीची माणसं असतील अशी माझी समजूत होती.

वर्गात आम्ही चौघे. शरीरशास्त्र आणि निर्जंतुकीकरण शिकवायला एक डॉक्टर येत आणि पुस्तक उघडून वाचत. पानाच्या शेवटी वाक्य अर्धं राहिलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचत. बाकीचे तिघे पुढच्या बाकावर बसून माना डोलावत आणि वहीत सिनेमाच्या नट्या काढत. मी मात्र सगळं उतरवून घेत असे. ग्रंथालयात एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, तेही मी शब्दकोश घेऊन वाचून काढलं. त्यामुळे मला "प्रोफेसर" हे नाव पडलं. ते ठेवलं मेस्त्रीनं.

मेस्त्री म्हणजे थिएटरचा मुख्य. आमचं प्रत्यक्ष काम शिकवणं त्याच्याकडे होतं आणि त्याच्या शिफारशीशिवाय मोठे सर्जन कुणाच्या सर्टिफिकेटवर सही करीत नसत. माणूस बेळगावकडचा, लढाईच्या काळात फौजेच्या इस्पितळात होता. त्यानंतर जगात शिकण्यासारखं काही घडलंच नाही, असा त्याचा ठाम विश्वास होता. मिशा मात्र रोज नव्यानं कातरलेल्या असत.

आता ड्रमविषयी सांगायला हवं. ऑपरेशनचे गाऊन, चादरी, पट्ट्या पत्र्याच्या एका गोल डब्यात भरतात, त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या कमरेला भोकांची रांग असते आणि त्यावरून फिरणारा एक पट्टा. ड्रम ऑटोक्लेव्हच्या वाफेत ठेवताना पट्टा सरकवून भोकं उघडी ठेवायची, म्हणजे वाफ आत शिरून जंतू मरतात. बाहेर काढला की लगेच भोकं बंद करायची. माझ्या जाड पुस्तकात हे पहिल्याच प्रकरणात होतं. शेंबड्या पोराला कळावं असं.

मेस्त्री भोकं बंद करूनच ड्रम वाफेत ठेवायचा.

पहिल्यांदा मला वाटलं, विसरला असेल. चार दिवस बघितलं आणि मग घाबरत विचारलं.

"पुस्तक कुठं छापलंय?" त्यानं विचारलं.

"लंडनला."

"मग लंडनची वाफ निराळी आन् बंगळूरची निराळी. हितं गारठा हाय. भोकं उघडी ठिवलीस की कापड भिजतंय. सायबाला भिजका गाऊन चालत न्हाई. ध्येनात आलं काय, प्रोफेसर?"

बाकीचे तिघे खो खो हसले. वास्तविक त्यांच्या वह्यांतही भोकांची ओळ होती. नट्यांच्या बाजूला.

साहेबांना, म्हणजे मोठ्या सर्जनना, खरोखरच भिजका गाऊन चालत नसे. रोज सकाळी ड्रम उघडला की ते पहिल्यांदा गाऊनची घडी बोटांत चुरगाळून तिचा आवाज ऐकत. बाहेरचे कुणी डॉक्टर पाहायला आले की सांगत, "दुसऱ्या इस्पितळांत जाऊन बघा, ओलं फडकं अंगावर घेतात. आमचा ड्रम बघा. हप्पळ आहे हप्पळ!" भाजलेल्या पापडाची उपमा देताना त्यांचा चेहरा खरंच भुकेला दिसे. मेस्त्री मागे हात बांधून उभा राही आणि मिशीतल्या मिशीत फुगत असे. विलायतेहून मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या या माणसाला, वाफेत शिजलेलं कापड इतकं कोरडं कसं राहतं, हा प्रश्न एकदाही पडला नाही. माझ्या अण्णांना पडला असता. ते रोज पाणी शिंपडून इस्त्री करीत.

आणि वॉर्डात जखमा पिकत होत्या. सगळ्यांच्या नाही, पण तिसऱ्या-चौथ्याच्या. पाचव्या दिवशी ताप, पट्टी सोडली की पू. साहेबांनी कारणं शोधली. पेशंट पट्टीत हात घालतात. नातेवाईक घरून तेलकट आणून चारतात. खेड्यातल्या लोकांच्या अंगातच घाण असते. मग नातेवाइकांना बंदी झाली, फरशी दोन वेळा फिनेलनं धुवायला लागले आणि वॉर्डच्या सिस्टरना सगळ्यांदेखत झाडलं. सिस्टर मंगळूरकडच्या, वयानं पोक्त. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

मी एकदा धीर केला. साहेब हात धूत होते तिथे जाऊन उभा राहिलो आणि "सर" म्हणालो.

"हा कोण?" त्यांनी मेस्त्रीला विचारलं. मी वर्षभर त्यांच्यासमोर उभा होतो.

"ट्रेनिंगचा हाय, सर. लई वाचतो."

"काय पाहिजे?"

माझ्या तोंडून निघालं, "उद्या रजा मिळेल का, सर?"

"सरी, ठीक आहे, घे."

मला रजेचं काही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी लालबागेत जाऊन बाकावर बसून आलो.

परीक्षा आली. बाहेरून परीक्षक आले होते, एक निवृत्त म्हातारे डॉक्टर. तोंडी परीक्षा मी उत्तम दिली. मग प्रत्येकानं एक ड्रम भरून, वाफवून दाखवायचा होता. मला वाटलं, आता बोलायची गरजच नाही, हातानंच दाखवू. सगळ्यांदेखत मी घाईनं ड्रम ठासून भरला, पट्टा सरकवला, भोकं उघडी केली आणि ड्रम आत ठेवला. बाकीच्या तिघांनी भोकं बंद ठेवली.

ड्रम उघडले. त्यांचे तिन्ही कोरडे. माझ्यातला वरचा गाऊन परीक्षकांनी चिमट्यानं उचलला, तर खालच्या टोकाला थेंब जमून टपकला.

"ओला ड्रम म्हणजे घाण ड्रम," म्हातारे म्हणाले. "ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. हे शिकवलं नाही तुला?"

"सर, यांचे ड्रम..." मी सुरुवात केली. तिघे माझ्याकडे बघत होते. मेस्त्री बघत होता. साहेब घड्याळ बघत होते. मी वाक्य पुरं केलं नाही.

मी एकटा नापास झालो. बाहेर पडताना मेस्त्री म्हणाला, "लंडनला धाड आता गाऊन, वाळवून येतील."

सहा महिन्यांनी पुन्हा बसायची मुभा होती. तोवर मी कट्ट्यावर परत गेलो. अण्णांनी सुईत दोरा ओवून ती माझ्या हातात दिली. मामा येता-जाता विचारायचा, "काय डॉक्टर, आज किती पेशंट शिवले?" प्रत्येक काजाला मी ठरवत गेलो. जग मूर्खांचं आहे, मूर्खांना कोरडा ड्रम हवा आहे, तर देऊ.

दुसऱ्या परीक्षेत मी भोकं बंद ठेवली. माझा ड्रम इतका कोरडा निघाला की म्हाताऱ्यांनी खांद्यावर थाप मारली. "स्वल्प मन लावलं की जमतं," म्हणाले. मी हसून मान लववली. ते हसू अजून मला आठवतं. वर्गातल्या त्या तिघांच्या चेहऱ्यावर मी तेच बघत आलो होतो.

मी असा बेत केला होता की परीक्षा संपली की हा ड्रम गुपचूप पुन्हा वाफेत घालायचा, भोकं उघडून. पण त्या दिवशी ऑपरेशनं उशिरा सुरू झाली आणि शेल्फवरचे ड्रम संपले. मेस्त्रीनं माझाच ड्रम ट्रॉलीवर चढवला.

"साहेब हे ऑपरेशन झाल्यावर सही करत्यात," तो म्हणाला. "तुझाच ड्रम हाय, तूच उघड. मान हाय तुझा."

टेबलावर हर्नियाचा पेशंट होता. पेठेतल्या एका छापखान्यातला कंपोझिटर, चाळिशीचा, बोटांची टोकं शाईनं कायमची काळी झालेली. भूल देण्याआधी मला कानडीत म्हणाला, "पंधरा दिवसांचीच रजा आहे हो. पुरे होईल ना?" मी म्हणालो, "होईल."

एवढं मला नक्की माहीत होतं की त्या ड्रममध्ये वाफ गेलेली नाही. त्या खोलीत ते जाणणारा आणि बोलू शकणारा मी होतो. माझं सर्टिफिकेट शेजारच्या टेबलावर पडलं होतं, सहीची जागा रिकामी. मी झाकण उघडलं. साहेबांनी गाऊन उचलून बोटांत चुरगाळला. "हप्पळ," म्हणाले.

ऑपरेशन वीस-पंचवीस मिनिटांत झालं. हातमोजे काढून त्यांनी सही केली. कागदावर मोज्यांच्या पावडरीचा पांढरा ठसा उमटला, तो मी झटकला.

पाचव्या दिवशी मी वॉर्डच्या दारापर्यंत गेलो. त्याला ताप होता. आत गेलो नाही. पुढच्या आठवड्यात मला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका इस्पितळात नोकरी लागली. तिथे एका म्हाताऱ्या नर्सनं मला पहिल्याच दिवशी दाखवलं की ड्रम सैल भरायचा, भोकं उघडी ठेवायची, वाफ बंद केल्यावर ऑटोक्लेव्हचं दार जरासं फटीएवढं उघडून पाव तास थांबायचं आणि मग भोकं बंद करून बाहेर काढायचा. कापड कोरडंही निघतं आणि निर्जंतुकही. पाव तास. माझ्या जाड पुस्तकात तेही असणार, पुढच्या पानावर. मी घाईनं ठासून भरलेला तो ओला ड्रमही, म्हाताऱ्या परीक्षकांनी म्हटलं तसा, घाणच होता. मेस्त्रीला तुच्छ मानण्यात मी इतका गढलो होतो की स्वतः अर्धंच वाचलं हे मला कळलं नाही.

त्या कंपोझिटरची चौकशी मी केली नाही. करता आली असती. बसनं अर्ध्या तासाचं अंतर. सुट्टीच्या दिवशी मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा वाटेत उतरून कॉफी पिऊन परत आलो. पेठेत छापखान्याच्या गल्लीतून जायचं टाळू लागलो. माझं लग्न झालं, मुलगा झाला. आज जे. पी. नगरात त्याच मुलाच्या घरी बसून हे लिहितोय.

तीन-चार वर्षांनी वॉर्डच्या त्या मंगळूरच्या सिस्टर आमच्या इस्पितळात आल्या, आईच्या मोतीबिंदूसाठी. मला ओळखलं. इकडचं तिकडचं झालं. मेस्त्री निवृत्त झाला, साहेबांनी त्याला शाल घातली म्हणाल्या. मग मी एकदाचं विचारलं.

"कुठला? तो प्रेसवाला?" त्यांना लगेच आठवलं. "बोटं काळी होती तो?"

"हो."

"अय्यो, तो कुठला राहतोय! अकराव्या दिवशी गेला की. तुम्हाला माहीत नाही? पोटभर पू झाला होता."

मी विचारलं, "साहेबांनी कारण काय लिहिलं?"

"हार्ट," त्या म्हणाल्या. "दुसरं काय लिहिणार? बायको त्याचे कपडे न्यायला आली होती. मला विचारत होती, सिस्टर, हर्नियाच्या ऑपरेशनात हार्ट कसं आलं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. ती दारात दोन तास उभी राहिली, मग गेली."