सोळा रंगांचा दृष्टिदोष

नकाशेकाकांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायम रंगलेलं असायचं. बालाघाटच्या आमच्या कचेरीत ते तीस वर्षं जमिनीचे नकाशे रंगवत होते. कुठलाही रंग आधी नखाला लावायचे आणि दारातल्या उन्हात जाऊन बघायचे. "नखावर पटला तं कागदावर पटते," म्हणायचे. मी हसायचो. कंप्युटर ऑपरेटर होतो ना, शिंगं फुटली होती मला!

नव्वदीच्या अखेरीस नकाशे स्कॅन झाले आणि मूळ कागद भोपाळला गेले. इथे उरला माझा कंप्युटर. नकाशे उघडायचं सॉफ्टवेअर आणि स्क्रीनचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, यांचं काही केल्या पटेना. लाखो रंगांवर ठेवलं की नकाशा उघडायच्या आत सगळं बंद! शेवटी मी सेटिंग सोळा रंगांवर आणलं, आणि नकाशा उघडला. साहेबांनी पाठ थोपटली. बाकीचे रंग गेले कुठे, हे मी गाढवानं विचारलंसुद्धा नाही.

मग बैहरकडच्या एका गावाचा तंटा आला. गावाची विहिरीकडे जाणारी वाट एका बड्या माणसानं कुंपण घालून अडवली होती. काका म्हणाले, "वाट हाये. म्याच फिक्क्या हिरव्यानं काढली." नकाशा उघडला. तिथे नुसतं पांढरं.

"चश्मा बदलवा लो, काका," साहेब हसले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबू, तुह्या मशीनले फिक्का हिरवा दिसते का रे?"

"मशीन खोटं बोलत नाही, काका," मी म्हणालो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं!

आठ दिवस काका माझ्या स्क्रीनसमोर येऊन बसले. चष्मा पुसायचे, पुन्हा बघायचे. नवव्या दिवशी त्यांनी साहेबांनी टाइप करवलेल्या कागदावर सही केली: 'दृष्टिदोष के कारण मुझसे भूल हुई।' गावाची वाट गेली. काकांनी मुदतीआधीच नोकरी सोडली.

तीन महिन्यांनी नवा ड्रायव्हर आला. मी रंग वाढवले, तोच नकाशा उघडला. वाट समोर! फिक्की, हिरवी, थेट विहिरीपर्यंत. धावत साहेबांकडे गेलो. "छोड़ो यार, केस बंद हो गया," ते म्हणाले. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली निम्मी माझ्यावरच.

तडक काकांच्या घरी गेलो. ओसरीत बसले होते. नख कोरं पांढरं. सगळं सांगितलं. रंग मशीनला कमी होते, तुमच्या डोळ्यांना नाही, म्हणालो.

वाटलं, मला शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. काका चिडले, पण स्वतःवर.

"मले दिसत होती रे ते वाट. डोये मिटले तरी दिसे. मंग म्या सही काहून केली?"