ऑइलच्या दिव्याची वायर

त्याला सगळे टेस्टरभाऊ म्हणत. शर्टाच्या खिशाला पेन अडकवावं तसा त्याचा टेस्टर कायम अडकवलेला असायचा, म्हणून. गाड्यांचं वायरिंग करण्यात एकतीस वर्षं गेली होती. गाडी कुठलीही असो, डॅशबोर्डखाली उताणं पडून हात वर घातला की कुठली वायर कुठे जाते ते बोटांनाच कळायचं. बायको म्हणायची, गाडीतली वायर डोळे मिटून सापडते, पण घरात साखरेचा डबा कुठे असतो ते विचारा यांना.

एवढी वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याकडे स्वतःची गाडी मात्र नव्हती. ती आली गेल्या वर्षी, मेहुण्याकडून. मेहुणा म्हणजे बायकोचा पाठचा भाऊ. शाळा संपल्यावर चार वर्षं तो यांच्याच घरी राहिला, टेस्टरभाऊच्या हाताखाली काम शिकला, मग स्वतःचं गॅरेज काढून जुन्या गाड्या घेऊ-विकू लागला. त्याने दाखवलेली पांढरी गाडी टेस्टरभाऊने बॉनेटसुद्धा न उघडता घेतली. इंजिन कसं आहे, एवढं एकदाच विचारलं.

"भावजी, ताईला बसायचंय त्यात," मेहुणा म्हणाला. विषय तिथेच संपला.

मुलगी डोंगरापलीकडच्या गावात राहायची. वाट सगळी चढाची. चढावर इंजिन तापलं की ऑइलचं प्रेशर किती उरतं ते डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याला सांगता येत नाही. तो पेटेपर्यंत बहुतेक वेळा व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं. टॅक्सीवाल्यांना त्याने काट्याचे मीटर कितीतरी बसवून दिले होते. आता आपल्या गाडीलाही एक बसवावा, म्हणून रविवारी सकाळी तो अंगणात कामाला लागला.

काम ओळखीचं होतं. इंजिनाच्या कुशीत दिव्याचा छोटा स्विच असतो, तो काढायचा. तिथे तीन तोंडांचा पितळी जोड बसवायचा. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नव्या मीटरचा सेंडर, म्हणजे प्रेशर मोजून काट्याला कळवणारा भाग. आट्यांवर टेप गुंडाळायचा नाही, कारण सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं. आधी त्याने जुन्या स्विचची वायर उपटली आणि सवयीने चावी फिरवून पाहिली. वायर सुटली म्हणजे लाल दिवा विझायला हवा.

दिवा पेटलेलाच होता.

कुठेतरी वायर घासून बॉडीला चिकटली असेल, असं त्याला वाटलं. टेस्टर लावला, तर वायरीत जीवच नाही. तो डॅशबोर्डखाली शिरला. ऑइलच्या दिव्याची मूळ वायर मीटरच्या मागे कापलेली होती आणि दिवा बॅटरी चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीला जोडलेला होता. म्हणजे चावी फिरवली की दोन्ही दिवे पेटणार, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझणार. बघणाऱ्याला सगळं ठाकठीक. मग इंजिनात ऑइलचं प्रेशर असो नाहीतर नसो.

असली चलाखी त्याने पूर्वीही पाहिली होती. पण हा जोड त्याने पाहिला आणि तिथेच पडून राहिला. तांब्याचे पदर एकमेकांत विणून वर नीट कथलाचा डाग दिलेला, त्यावर कापडी टेप, आणि टेपचं शेवटचं टोक उलटं दुमडलेलं, म्हणजे पुढच्या माणसाला उकलताना नख घालायला जागा. ही टोक दुमडायची पद्धत त्याची स्वतःची होती. ती त्याने एकाच माणसाला शिकवली होती.

तरी त्याने काम अर्धवट सोडलं नाही. सेंडर बसवला, वायर रबरी बुचातून आत घेतली, मीटर जोडला. थंड इंजिनावर काटा छान वर चढला. वीस मिनिटांनी इंजिन तापलं आणि काटा घसरत घसरत शून्याला टेकला. सेंडरच खराब निघाला असेल म्हणून दुकानातून विजेशिवाय, थेट ऑइलच्या दाबावर चालणारा नळीचा मीटर आणून लावला. त्यानेही तेच सांगितलं.

दुपारी तो मेहुण्याच्या गॅरेजवर गेला आणि कापून नेलेला तो वायरींचा जोड त्याच्या टेबलावर ठेवला. मेहुण्याने आढेवेढे घेतले नाहीत. गिऱ्हाईकाला खपवायला केलं होतं, म्हणाला, गाडी तुमच्याकडे जाईल हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

"आणि मला देताना?"

मेहुण्याने तो जोड उचलून टेपच्या दुमडलेल्या टोकावरून नख फिरवलं. "मला वाटलं, तुम्ही बघितलंच असेल. अख्ख्या गावाच्या गाड्या तुमच्या हाताखालून जातात, भावजी."

"घरच्या माणसाची गाडी कुणी उघडून बघतं का?"

मेहुण्याचा चेहरा उतरला. इंजिन उघडून नीट करून देतो, म्हणाला. आणि मग स्वतःची बाजू सावरायला घाईघाईने बोलून गेला, "ताईला मी सांगितलं होतं, जोरात चालवू देऊ नकोस म्हणून."

घरी आला तेव्हा बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने विचारलं, तुला कधी सांगितलं त्याने? तिला काय ते लगेच कळलं. हातातली उशीची खोळ तिने चार वेळा घडी घालून पुन्हा मोडली.

"घेतली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात."

"आणि तू मूग गिळून गप्प."

"तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, माझा मेहुणा म्हणजे माझा मुलगाच. माझ्या माहेरच्या माणसाबद्दल इतकं चांगलं कधी बोलला होतात? मला ते मोडवेना." मग हळूच म्हणाली, "हळू चालवा, हळू चालवा म्हणून मी दर वेळी मागे लागायचे की नाही?"

लागायची. आणि तो तिला भित्री म्हणून हसायचा, मुलीसमोर, जावयासमोर. ते आठवून त्याला भडभडून आलं. तिच्या भावाने फसवलं ते एका दिवसाचं. ही मात्र वर्षभर शेजारच्या सीटवर बसून सगळं माहीत असताना रस्त्याकडे बघत होती. त्या दिवशी तो जेवला नाही.

मेहुण्याने शब्द पाळला. इंजिन उतरवलं, बेअरिंग बदलले, ऑइलचा पंप नवा घातला. लाल दिव्याची वायर टेस्टरभाऊने स्वतः जागच्या जागी जोडली. पुढच्या महिन्यात दोघं मुलीकडे जाऊन आली. काटा कुठेच पडला नाही. संबंध चढ गाडीत कुणी बोललं नाही.

मेहुणा अजून येतो. टेस्टरभाऊ दार उघडतो, खुर्ची पुढे करतो. फक्त आता त्याला अहो-जाहो करतो. "या. बसा. चहा घेणार का तुम्ही?" चार वर्षं घरात ठेवून ज्याला कान धरून शिकवलं, त्याला.

परवा मेहुणा बहिणीकडे रडला म्हणे. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तो म्हणतो, चार शिव्या घाला, पण 'तुम्ही' म्हणू नका."

टेस्टरभाऊने ऐकून घेतलं. "त्यांना सांग," तो म्हणाला, "बघू."