सैल बांगड्या

जेवण झालं की माझी गरोदर भाची डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिनची इवलीशी गोळी घेते. पेला उचलताना तिच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे घसरतात, किणकिणतात.

तिच्या आईला, माझ्या ताईला, डोहाळजेवणाच्या वेळी बांगड्या चढेनात. कासारणीने साबण लावला. "अंगाने चांगली भरलीय हो!" म्हणत सगळ्या हसल्या; मीही हसले. भरलेला हात आणि सुजलेला हात वरून सारखाच दिसतो. ती वाढलेल्या रक्तदाबाची सूज होती. पोर हाती लागली, ताई आकडी येऊन गेली.

"आईला झालं होतं, म्हणून ही गोळी. धोका कमी होतो," डॉक्टर भाचीला म्हणाल्या. कमी होतो.

"मावशी, अशी काय बघतेस?"

"काही नाही गं. अजून पाणी पी."

तिला तहान नसते. मला बांगड्या पुन्हा घसरलेल्या ऐकायच्या असतात.