पनवेलहून बारा किलोमीटरवर गाडीत झोपायला कुणाची परवानगी लागते?

लोक गाडीत झोपून लडाखला जातात. मी आणि अण्णा गाडीत झोपायला नवीन पनवेलहून बारा किलोमीटरवर गेलो, आणि एवढ्यावर मी ब्लॉग लिहिते आहे. आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची निम्मी नोकरी मुक्कामी गाडीवर गेली. संध्याकाळी शेवटची एसटी घेऊन कोकणातल्या एखाद्या गावी जायचं, तिथेच गाडीत झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत. ती सगळी गावं त्यांना पुन्हा एकदा बघायची आहेत, तीही लॉजवर न उतरता, गाडीत झोपून. बायपास झाल्यापासून माझा भाऊ संदीप त्यांना जिनाही एकट्याने उतरू देत नाही. त्याने अट घातली, आधी घराजवळ एक रात्र काढून दाखवा. मध्येच परत आलात किंवा कुणी हाकललं, तर कोकण रद्द. अण्णा त्या दिवशी अर्धी पोळी टाकून उठले. मला फार वाईट वाटलं. म्हणून ही मोहीम.

मी रीतसर अभ्यास केला. वकील मैत्रिणीचं डोकं खाल्लं आणि दोन पानांची प्रिंट काढली. तिचं सार असं: उभ्या गाडीत झोपणं हा आपल्याकडे गुन्हा आहे, असं मला कुठे सापडलं नाही. गाडी उभी कुठे केली, यावर सगळं अडतं. एक्स्प्रेसवेवर थांबायचं नाही. हायवेच्या कडेला वाहतुकीला त्रास होईल अशी लावायची नाही. जंगलात वनखात्याचे नियम, खाजगी जागेत मालकाची परवानगी. दारू पिऊन स्टिअरिंगमागे झोपायचा बेत असेल तर घरीच झोपा. मागची सीट पाडून अण्णांसाठी गादी टाकली आणि काचांसाठी जुन्या चादरीचे पडदे शिवले, फुलाफुलांचे, अगदी मापात. त्या पडद्यांवर माझा फार जीव जडला होता.

शनिवारी दुपारी निघालो. गोवा हायवेला लागून कर्नाळ्याला पोचेपर्यंत अण्णांनी माझे गिअर चारदा दुरुस्त केले. अभयारण्याच्या गेटवर मी गार्डला विचारलं, गाडीत झोपलो तर चालेल का?

‘‘मॅडम, इथे पक्षी झोपतात. संध्याकाळी गाडी बाहेर,’’ तो म्हणाला.

तिथून एका पेट्रोल पंपावर. बाजूला ट्रकवाले लुंग्या लावून निवांत पडलेले. मॅनेजर म्हणाला, ‘‘ट्रकचं ठीक आहे हो, पण लेडीज नको. उद्या काही झालं तर मला नाचवतील.’’ प्रिंट दाखवली. त्याने ती वाचली, छान आहे म्हणाला आणि परत दिली. शेजारच्या टपरीवर मिसळ मात्र झकास. तर्री मागून घ्या.

शेवटी मागे फिरून शिरढोणच्या अलीकडे आत वळलो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथे चाळीस गाड्या आणि एक ड्रोन असेल. शाळेजवळ, रस्त्याच्या बाहेर मोकळी जागा होती. अण्णा म्हणाले, ‘‘समोरच्या घरी सांगून येतो.’’

‘‘कशाला? सरकारी रस्ता आहे, आपला हक्क आहे. विचारलं की लोक नाही म्हणतात.’’

ते मागे गादीवर जाऊन आडवे झाले. मी पडदे लावले. साडेआठला काचेवर थाप पडली.

‘‘कोन हाय आत?’’

बाहेर एक काठी घेतलेले म्हातारेबाबा, एक बाई आणि हळूहळू जमणारं गाव. मी प्रिंट काढून वाचायला लागले.

‘‘कायदा र्‍हाऊ दे, बाय,’’ बाई म्हणाली. ‘‘तुमी कोन, ते सांग आदी. काचा झाकून काय चाललाय आत, ते आमाला कसा कलायचा?’’

मी विषय बदलून पुन्हा कायद्यावर आले, तेव्हा बाबा म्हणाले, ‘‘गाडी काढा. आताच्या आता.’’ बापाचं कोकण मी माझ्या दोन पानांनी घालवलं होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडून अण्णा बनियनवर उतरले. दोन्ही हात जोडून म्हणाले, ‘‘चूक झाली. मी एसटीचा ड्रायव्हर. मुक्काम आहे, हे आधी सांगायला हवं होतं.’’

बाबांनी काठी खाली टेकली. ‘‘डायवर? मुक्कामी गाडी इथंच लागायची, या शालेजवल. डायवर आदी आमचे घरी येऊन पानी प्यायचा, मंग झोपायचा. तुमी का नाय आलाव?’’

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढा मोठेपणा माझ्यात नाही.

पुढच्या पाच मिनिटांत गाडी बाईंच्या अंगणात होती. तांदळाची भाकरी आणि सुकट मिळाली. अण्णांनी माझे पडदे स्वतःच्या हातांनी काढले. ‘‘झाकलेल्या माणसाची भीती वाटते गं,’’ म्हणाले. काचा दोन बोटं उघड्या ठेवून ते पडले आणि लगेच घोरू लागले. मला पुढच्या सीटवर डासांनी रात्रभर सोबत केली. ओडोमॉस विसरू नका.

सकाळी सहाला संदीपचा व्हिडिओ कॉल. ‘‘अण्णा, खरं सांगा. कुणी हाकललं?’’

मी फोनच्या मागून मान हलवून नाही, नाही करत होते.

‘‘हाकलत होते,’’ अण्णा म्हणाले. ‘‘सांगितलं नव्हतं ना आपण. सांगितल्यावर जेवायला घातलं.’’ आणि फोन फिरवून त्यांनी अंगण दाखवलं, चूल, चहा, बाई, बाबा. मग संदीप म्हणाला, ‘‘कोकणात गोळ्या डबल घेऊन जा.’’

घरी येऊन आठवडा झाला. फुलाफुलांचे पडदे आता पायपुसणी आहेत. प्रिंट मी टाकून देणार होते, पण ती अण्णांनी उचलली. काल बघितलं, तर मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी गावांची नावं लिहिली आहेत आणि प्रत्येक गावापुढे एक घर. विहिरीजवळचे गुरव. दुकानासमोरची आजी. पोलीसपाटील, कुत्रा आहे.

‘‘अण्णा, यातलं आता कोण असेल?’’

‘‘बरेचसे नसतील,’’ ते चष्मा पुसत म्हणाले. ‘‘दारात जो कोणी उभा असेल त्याला सांगायचं, मुक्काम आहे.’’