आजचा भाव काय?

बाजार समितीच्या यार्डात मायकवर भाव सांगायचं माझं काम. इथे पोत्यांसारखे किस्सेही येऊन पडतात. पोती संध्याकाळी उचलली जातात, किस्से माझ्याकडेच राहतात. बायको गेली, मुलगी पुण्यात. घरी सांगणार कुणाला? म्हणून तुम्हाला सांगतो.

*

सकाळी सोयाबीन मस्त चाललं होतं. दुपारी मोबाईलवर बातमी फिरली, बाहेरून खाद्यतेलाचं जहाज येतंय. भाव धाडकन खाली!

बोरी अरबचा एक शेतकरी कपाळाला हात लावून म्हणाला, "जहाज अजून समुद्रातच हाय, अन् बुडलो मी!"

*

ढग आले की व्यापारी आधी वर बघतो, मग ओलावा मोजायच्या मशीनकडे. मग भाव कमी करतो.

एक बाई भडकल्या, "सेठ, ढग वर हायत, सोयाबीन खाली हाय!"

*

एकदा भाव चढला आणि सगळ्यांनी एकाच दिवशी माल आणला. गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर! एवढी आवक, भाव पडणारच.

"तू आजच काहून आणलं?"

"तू काहून आणलं?"

"मायकवर यानंच तं सांगतलं!"

त्या दिवशी माझ्यासोबत कुणी चहा प्यायलं नाही.

*

माझा नंबर गावोगाव आहे. "भाव काय?" सांगितला की फोन कट. रविवारी यार्ड बंद, फोनही गप्प.

एका रविवारी वाजला. मी सवयीनं म्हणालो, "तूर कालच्यापेक्षा पन्नास खाली!"

"बाबा, मी आहे!" मुलगी खूप हसली. फोन ठेवल्यावर मला मात्र फार वाईट वाटलं.

*

किसनभाऊही घरी एकटेच. तीन पोती तूर वर्षभर ठेवलेली. रोज खिशात मूठभर नमुना घेऊन येणार, माझ्या टेबलाजवळ बसणार, भाव ऐकणार आणि "उद्या पाहू" म्हणणार.

मागच्या आठवड्यात आवक आटली, तूर कधी नव्हे एवढी चढली. व्यापारी स्वतः टेबलाशी आला, "काका, आज नाही तं कधीच नाही!"

"इकून टाका भाऊ," मीही म्हणालो. पण मनापासून नव्हे.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. वाटलं, विकली दुसरीकडे. दिवसभर त्यांच्या खुर्चीकडे बघत होतो, दोनदा भाव चुकीचा सांगितला.

तिसऱ्या दिवशी तूर गडगडली. दुपारी किसनभाऊ डबा घेऊन हजर!

"पडला न भाव?"

"पडला. तुम्ही इकली का?"

"नाई. काल आलो असतो तं इकाच लागली असती."

त्यांनी खुर्ची ओढली, डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवली.

"बरं झालं पडला! आता थांबाच लागते."