हॅथर्लींच्या दक्षिणेकडची हिरवळ

शुगर लँडच्या मराठी मंडळात चारुताच्या रागाला सगळे वचकून असत. नागपूरची मुलगी, मातीची इंजिनिअर. टेक्सासमध्ये आल्यापासून घरांच्या पायाखालची जमीन तपासून देणं हाच तिचा धंदा. इथली काळी चिकणमाती विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच: पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते. बिल्डर लोक तिला घाबरत, कारण माती खराब असेल तर ती रिपोर्टमध्ये खराबच लिहायची. नवरा श्रीराम म्हणायचा, आमच्या घरात दोनच गोष्टींशी वाद घालायचा नाही, एक ह्यूस्टनचा ट्रॅफिक आणि दुसरी ही.

तिच्या एकुलत्या मुलीचं, इशिताचं, लग्न ठरलं आणि इशितानं जागा निवडली ती हॅथर्ली इस्टेट. नदीकाठी पांढऱ्या खांबांचं जुनं घर, शेवाळाच्या जटा लोंबणारे ओक आणि दक्षिणेकडे गालिच्यासारखी हिरवळ. इशिताचे फोटो तिथेच चांगले येणार होते. चारुताला जागा दूर वाटली, पण पोरीची हौस म्हणून ती गप्प बसली.

हॅथर्लींची सहावी पिढी, कॅरोलाइन, स्वतः इस्टेट दाखवायची. आवाजात मध. तिचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी मेक्सिकन सरकारकडून जमीन मिळवून इथे आले, जंगल तोडलं, ऊस लावला, साखरेचा कारखाना उभारला. "कष्टाळू हातांनी," असं ती प्रत्येक दालनात म्हणायची. हात कुणाचे, हे काही तिच्या तोंडून येत नव्हतं. चारुतानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, हो, तेव्हा गुलाम होते, दुःखद काळ होता, आणि लगेच झुंबराकडे बोट दाखवलं. गुलामी संपल्यावर ऊस कुणी तोडला, हे चारुतानं घरी येऊन वाचलं. मळेवाले तुरुंगातले कैदी भाड्यानं घेत. बहुतेक काळे. कोणी भाकरी चोरली म्हणून, कोणी नुसता रिकामा फिरताना सापडला म्हणून. दलदलीत उभं राहून ऊस तोडायचा, आणि मेला तर दुसरा मागवायचा. चारुताचं डोकं तेव्हाच तापलं होतं. पण अमेरिकेत कुठल्या जमिनीखाली काय नाही, असं स्वतःला समजावून तिनं तो विषय मिटवला.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी मुहूर्तमेढ रोवायला सगळे इस्टेटवर गेले. अमेरिकेत मेढ म्हणजे होम डेपो दुकानातली बादली, त्यात वाळू आणि वाळूत काठी. चारुताचे दीर मोरेश्वर यांना त्याचा मनापासून वीट आला होता. पुतणीच्या लग्नाची मेढ खऱ्या जमिनीत रोवायची, हा त्यांचा हट्ट. गाडीतून पहार आणली, हळद-कुंकू, सुपारी, दूध, आंब्याची डहाळी कुणाच्या तरी परसातून. मंडप दक्षिणेच्या हिरवळीवर होता, म्हणून मेढही तिथेच.

मोरेश्वरांनी पहार मारली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. त्यांचा तोल गेला, सगळे हसले.

"काय हो भाऊजी, जमीन आहे की श्रीखंड?" चारुता म्हणाली. आणि मग तिचं हसणं थांबलं. पावसाचा थेंब नसलेल्या त्या महिन्यांत काळी माती दगड होते. हिरवळीसाठी वर ओतलेला भराव मऊ असेल, हे ठीक; पण खालची माती इतकी मऊ लागते ती कधीतरी खणून परत भरलेली असली तरच. तिनं पहार हातातून घेतली. दोन पावलं सरकून मारली. भरावाखाली खण् वाजलं. पुढे, मऊ. पुढे, खण्. मऊ जागेच्या कडेनं पहार मारत गेली तर मऊ जागा माणसाच्या लांबीची निघाली, पूर्व-पश्चिम. पलीकडे दुसरी. त्याच्या पलीकडे तिसरी. साडीचा पदर कमरेला खोचून ती चालत राहिली.

तिनं कॅरोलाइनला बोलावलं आणि विचारलं, इथे कोण पुरलंय?

कॅरोलाइन गोंधळली नाही. म्हणाली, "ऊसवाले. ते आम्हाला माहीत आहे. जमीन खड्ड्याखड्ड्यांची झाली होती, म्हणून बाबांनी भराव टाकून सपाट करून घेतली. लग्नांसाठी."

चारुतानं पहार खाली ठेवली, कारण ती हातात राहिली तर आपण काय करू याची तिला खात्री नव्हती.

"पाट्या कुठायत? कुंपण कुठाय?" तिचा आवाज चढला. "तुमच्या आजोबा-पणजोबांच्या कबरींना लोखंडी फाटक आहे, ते पाहिलं मी. यांच्यावर तुम्ही डीजे लावता?"

मोरेश्वर तिला बाजूला घेऊन म्हणाले, वहिनी, शांती करून घेऊ, गुरुजींना विचारू, मेढ बादलीत घालू, हवं तर मंडप थोडा सरकवू; पाहुणे पुण्याहून निघालेत. नवऱ्यामुलाकडचे काय म्हणतील? चारुता फणकारली, भाऊजी, तुमच्या घरच्यांवर कुणी हिरवळ लावली असती तर तुम्ही शांती केली असती की कोर्टात गेला असतात?

मग ती इशिताकडे वळली. "मी इथे उभी राहणार नाही. तू इथे लग्न केलंस तर आईशिवाय करशील."

"Aai, please. It's not even our history." इशिताचे डोळे भरले होते, पण हनुवटी आईसारखीच पुढे आली होती.

"घर आपलं, फोटो आपले, झुंबर आपलं," चारुता म्हणाली. "फक्त हाडं तेवढी दुसऱ्यांची, नाही का?"

इशिता ताडकन पुढे सरसावली. वाटलं, आता ती आईवर ओरडणार. ती गेली कॅरोलाइनसमोर. इशिता मुलांच्या हॉस्पिटलात नर्स. मेलेल्या लेकराच्या पायाला त्याचं नाव बांधल्याशिवाय तिनं कधी कुणाला खोलीतून नेऊ दिलं नव्हतं.

"किती जण आहेत?" तिनं इंग्रजीत विचारलं. "नावं?"

"आम्ही कधी मोजले नाहीत," कॅरोलाइन म्हणाली. तिला प्रश्नच चमत्कारिक वाटला होता.

इशिता हिरवळीवरून चालत आली, मोरेश्वरकाकांच्या हातातलं हळद-कुंकवाचं तबक घेतलं आणि गाडीच्या दिशेनं निघाली. जाताना ती त्या मऊ जागा टाळून, वळसे घालत चालली होती.

गाडीत तिनं होणाऱ्या सासूबाईंना फोन लावला. त्या बराच वेळ तावातावानं बोलत होत्या. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल होत होता.

"नाही काकू," ती शेवटी म्हणाली, मराठीत, अडखळत, पण एक शब्दही न सोडता. "जागा मी कॅन्सल केली. आईनं नाही. मी."

चारुतानं पुढच्या सीटवरून मागे वळून बघितलं नाही. त्या कबरींची तक्रार नोंदवायला ती कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसचा नंबर शोधत होती, आणि शनिवार असल्यामुळे ते बंद आहे याचा तिला संताप येत होता.